मुकुट वाकडा बसला म्हणून

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची पहिली लेक साडेपाच महिन्यांची आहे. पूर्ण दिवसांची, साध्या बाळंतपणातून जन्मलेली ही मुलगी चांगली वाढते आहे, तिच्या लसी वेळेवर झाल्या आहेत. जन्मली तेव्हा डोके गोल होते. दुसऱ्या महिन्यानंतर मागची उजवी बाजू हळूहळू चपटी होत गेली. घरात त्याची फारशी चर्चा नव्हती. पण संक्रांतीनंतर बोरन्हाण झाले तेव्हा हलव्याचा मुकुट सारखा एका बाजूला घसरू लागला आणि जमलेल्या बायकांपैकी एकीने सर्वांसमोर त्याचे कारण विचारले. सासूबाई म्हणतात, माहेरच्यांनी डोक्याला आकारच दिला नाही. आता निदान मोहरीच्या उशीवर पालथे निजवावे. पती म्हणतात, मुलगी आहे, केस वाढले की झाकले जाईल. पुण्याच्या एका केंद्रात माप घेऊन ‘मध्यम’ दोष सांगण्यात आला, डोक्याला आकार देणारे, दोन लाखांहून अधिक खर्चाचे हेल्मेट सुचवण्यात आले आणि सहा महिन्यांच्या आत सुरू केले नाही तर उशीर होईल, असे बजावण्यात आले. त्यासाठी पाटल्या मोडाव्या लागतील. त्या विचारतात, “उद्या लग्नाच्या वेळी कोणी बोट दाखवले तर आईने तेव्हा पैशाकडे पाहिले, असे लेकीला वाटेल का? उपचार करावा की सोडून द्यावे?” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा हेल्मेटच्या प्रश्नासाठी वाचले आणि दुसऱ्यांदा, तुम्ही ओघात लिहून गेलेल्या दोन वाक्यांसाठी. “उजवीकडे पाजायला घेतले की कुरकुर करते, डावीकडे मात्र शांतपणे पिते” हे त्यातले एक. “आमचा यंत्रमाग ज्या भिंतीपलीकडे चालतो तिकडेच तोंड करून पडून असते” हे दुसरे. तुमचा मुख्य प्रश्न पैशाचा आणि पश्चात्तापाचा आहे, हे मला समजते, आणि त्याच्याकडे मी येणार आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन वाक्यांत दडलेले आहे, आणि पुण्याच्या केंद्रात ती कोणी विचारली असावीत असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

मांडीवर आडव्या घेतलेल्या बाळाला आईच्या डाव्या बाजूला पिताना मान उजवीकडे वळवावी लागते आणि उजव्या बाजूला पिताना डावीकडे. तुमची लेक डाव्या बाजूला खुशाल पिते, याचा अर्थ तिला मान उजवीकडे वळवायला सोपे जाते. यंत्रमागाची भिंत कोणत्या हाताला आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण डोके उजवीकडे मागे चपटे झाले आहे, तेव्हा ती तिच्या उजव्या हाताला असणार असा माझा अंदाज आहे. आता प्रश्न असा की, ती उजवीकडे वळते ते तिकडे मागाचा आवाज आहे म्हणून, की डावीकडे वळताच येत नाही म्हणून? कानामागून निघून गळ्याखालच्या हाडापर्यंत जाणारा एक जाड स्नायू मानेच्या दोन्ही बाजूंना असतो. त्यातला डावा आखडलेला असेल तर हनुवटी उजवीकडे वळते आणि डोके किंचित डाव्या खांद्याकडे कलते. डॉक्टर याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. नाव भारदस्त असले तरी दुखणे सामान्य आहे आणि वेळेत हाती आले तर बहुतेक मुलांमध्ये व्यायामाने सुटते. ते न ओळखता हेल्मेट घातले तर आपण परिणामावर दोन लाख खर्च करतो आणि कारण तसेच राहते.

घरी पाहायचे असेल तर तिचे पोट भरलेले आणि ती खुशीत असताना तिला पाठीवर निजवा, खांदे हलकेच धरा आणि खुळखुळा तिच्या नजरेसमोरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखीच पोहोचते का, एवढेच पाहा. डोके हाताने वळवून पाहू नका. ती डावीकडे अर्ध्यावर थांबत असेल किंवा मान वळवण्याऐवजी सगळे अंगच फिरवत असेल, तर आपले उत्तर मिळाले असे समजा. क्वचित बाळाला एका बाजूचे नीट दिसत किंवा ऐकू येत नसल्यामुळेही ते एकीकडेच पाहते, म्हणून डॉक्टरांनी तेही तपासायला हवे.

तुम्ही प्रश्न “उपचार करावा की सोडून द्यावे” असा मांडला आहे. त्यात उपचार म्हणजे हेल्मेट, आणि हेल्मेट नाही म्हणजे काहीच नाही, असे गृहीत धरले गेले आहे. खरे तर या दोहोंच्या मध्ये बरेच काही करता येते, आणि बहुतेक बाळांचे काम तिथेच भागते. पण त्याआधी हे डोके चपटे होते कसे ते थोडे सविस्तर सांगते, कारण भीती बहुधा तिथूनच येते.

बाळाची कवटी एकसंध नसते. वेगवेगळी हाडे शिवणींनी जोडलेली असतात आणि आतला मेंदू वाढतो तशी ती बाहेर सरकतात. जन्मावेळी डोक्याचा घेर साधारण 34 सेंटीमीटर असतो, सहा महिन्यांत तो 42 च्या आसपास पोहोचतो आणि वर्षाला 45 च्या. म्हणजे वर्षभराच्या वाढीतला मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांत उरकतो. या काळात डोके ज्या बाजूने टेकलेले असते त्या बाजूला त्याला वाढायला जागा मिळत नाही आणि ते इतर बाजूंनी वाढते. भीमेकाठच्या मळ्यात कलिंगड जमिनीला टेकलेल्या बाजूने सपाट होते, तसाच हा प्रकार आहे. कलिंगडाचा गर त्याने दाबला जात नाही आणि बाळाचा मेंदूही दाबला जात नाही. त्याला हवी तेवढी जागा मिळते, फक्त तिचा आकार बदलतो. पत्रात तुम्ही ‘मेंदूवर दाब’ असे शब्द वापरले आहेत. शिवणी मोकळ्या असताना निव्वळ टेकण्यामुळे चपट्या झालेल्या डोक्यात तसे होत नाही, एवढे मी तुम्हाला निश्चितपणे सांगू शकते.

काही अभ्यासांत अशा बाळांची हालचाल थोडी मागे असल्याचे आढळले आहे, हे खरे. त्याचा अर्थ मात्र उलटा लावला जातो. जे बाळ मुळात कमी हलते, उशिरा मान धरते, ते एकाच कुशीवर जास्त वेळ पडून राहते आणि म्हणून त्याचे डोके चपटे होते. त्यामुळे डोके पाहायला आलेल्या डॉक्टरांनी हातपायही पाहिले पाहिजेत. तुमच्या लेकीने चौथ्या महिन्यात मान धरली आणि ती आता कुशीवर वळू लागली आहे, हे चांगले लक्षण आहे. मात्र “फक्त उजव्या कुशीवरच” हे तुमचे शब्द मला पुन्हा मानेकडेच घेऊन जातात.

आता दोषाविषयी. सासूबाई माहेरच्यांना दोष देत आहेत आणि तुमच्या पत्राच्या सुरावरून, तुम्ही तो मनातल्या मनात मान्यही केला आहे. तुमच्या आईने बाळाला पाठीवर निजवले, कारण दवाखान्यात तसे सांगितले होते, आणि ते सांगणे योग्यच होते. पूर्वी जगात अनेक ठिकाणी बाळांना पालथे निजवण्याचा सल्ला दिला जाई. तान्ह्या बाळांच्या झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंशी त्याचा संबंध लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये पालथे न निजवण्याची शिफारस केली, 1994 पासून तिथे पाठीवर निजवण्याची देशव्यापी मोहीम चालली आणि पुढच्या काही वर्षांत ते मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. त्याच वर्षांत चपट्या डोक्याची बाळे दवाखान्यांत जास्त दिसू लागली. हा सौदा कोणत्याही आईने डोळे मिटून करावा असा आहे. कॅनडातल्या कॅलगरी शहरात सात ते बारा आठवड्यांच्या 440 बाळांची पाहणी करून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या, म्हणजे 46.6 टक्के बाळांच्या डोक्याला कमी-अधिक चपटेपणा होता, आणि त्यातल्या बहुतेकांचा सौम्य होता. तेव्हा तुमच्या घरात काही अघटित घडलेले नाही.

त्यामुळे पालथे निजवण्याचा सल्ला मानू नका, आणि मोहरीच्या उशीचाही नको. आपल्या सोलापुरात बाळाच्या डोक्याविषयी मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतून सल्ला मिळतो आणि तिन्ही भाषांत तो शेवटी कुठल्या ना कुठल्या उशीपाशी येऊन थांबतो, असा माझा तीस वर्षांच्या दवाखान्यातला अनुभव आहे. सासूबाईंच्या काळी ती उशी मायेनेच शिवली जात असे, त्यामागच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण मऊ किंवा खोलगट उशीत बाळाचे तोंड दबू शकते, मान पुढे वाकून श्वासाला अडथळा होऊ शकतो. डोक्याला आकार देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2022 मध्ये दिला आहे. मोहरी भरलेली असो की स्पंज, तर्क तोच लागू होतो. राहिली मालिश. टाळू भरणे म्हणजे टाळूवर हलक्या हाताने तेल लावणे, एवढेच असेल तर त्यात वावगे नाही. मात्र डोके दोन्ही तळव्यांत धरून दाबणे थांबवा. दिवसातले चौदा-पंधरा तास एका बाजूला टेकलेले डोके पाच मिनिटांच्या दाबाने फिरत नाही, बाळाला दुखते मात्र.

आंघोळ घालणाऱ्या बाईंकडे खरी उपयोगाची विद्या वेगळीच आहे आणि तिचे कौतुक कोणी करत नाही. पाय लांब करून पाटावर बसायचे आणि बाळाला पायांवर पालथे घेऊन पाठ चोळायची, ही आपली जुनी रीत म्हणजे मानेचा आणि खांद्यांचा उत्तम व्यायाम आहे. जागे असताना, कोणाच्या तरी नजरेखाली, बाळाला पालथे घालणे हाच या दुखण्यावरचा पहिला उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मार्गदर्शनात, अजून सरकू न लागलेल्या बाळांसाठी दिवसाला निदान 30 मिनिटे, तुकड्या-तुकड्यांनी, असे सांगितले आहे. तुमच्या लेकीसाठी मी त्याहून जास्त सांगेन. फरशीवर आपली जाड चादर अंथरा, तुम्ही स्वतः तिच्यासमोर पालथ्या पडा आणि बोलत राहा. सुरुवातीला ती दोन मिनिटांत रडेल. मग दोनच मिनिटे, पण दिवसातून दहा वेळा. पालथी असताना झोप लागली तर उचलून पाठीवर ठेवायचे. सासूबाईंना ‘पालथे’ हा शब्द ऐकून बरेही वाटेल, आणि घरातली शांतता हाही उपचाराचाच भाग आहे.

दुसरा बदल घराच्या मांडणीचा आहे. यंत्रमागाची भिंत हलवता येणार नाही, पण बाळाची उशाकडची बाजू पायथ्याकडे करता येते. असे केल्यावर मागाचा आवाज, दार, दिवा, येणारी-जाणारी माणसे सगळी तिच्या डाव्या हाताला येतील आणि ती आपोआप डावीकडे मान वळवू लागेल. झोळीचा वापर कमी करा, कारण कापडाच्या खोलगट भागात डोके एकदा स्थिरावले की वळायला वाव राहत नाही. दिवसाची झोप सपाट, घट्ट गादीवर होऊ द्या. खुळखुळा डावीकडून वाजवा, कडेवर घेताना खांदे बदला. ती झोपल्यावर मान हलकेच डावीकडे वळवून ठेवायला हरकत नाही, मात्र वळत नसेल तर ओढाताण करू नका आणि उशांचे टेकू लावू नका. पाजताना उजवी बाजू सोडून देऊ नका. तिकडे ती कुरकुर करत असेल तर काही दिवस तिला आडवी घेण्याऐवजी बगलेखालून, पाय मागे जातील अशी धरून पाजा आणि हळूहळू नेहमीच्या पद्धतीकडे या.

हे सगळे आजपासून सुरू करता येईल, पण मानेच्या स्नायूला ताण देण्याचे व्यायाम मोबाइलवरची चित्रफीत पाहून करू नका. ते लहान मुलांचे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून हाताला हात लावून शिकायचे असतात. दोन-तीन भेटींत आई ते शिकते आणि पुढे रोज घरी करते. त्यासाठी पुण्याला जाण्याचे कारण नाही. आपल्या सिव्हिलला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तिथल्या बालरोग विभागात जा आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे, त्याचीही चौकशी तिथेच करा. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकालाही हे दाखवता येते. खासगी दवाखान्यात जायचे असेल तरी माझी हरकत नाही. फक्त पहिली तपासणी बालरोगतज्ज्ञांची असावी, हेल्मेट विकणाऱ्याची नसावी.

त्या तपासणीत मुख्यतः एक गोष्ट नाकारली गेली पाहिजे, ती म्हणजे कवटीची एखादी शिवण वेळेआधी जुळून जाणे. साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एखाद्याला असे होते, आणि डोक्याची मागची बाजू वाकडी करणारी शिवण त्यातही सर्वांत कमी वेळा जुळते. ही बाब मात्र वेगळी आहे; तिथे कवटीला वाढायला जागा कमी पडू शकते आणि लहान मुलांच्या न्यूरोसर्जनचा सल्ला लागतो, अनेकदा शस्त्रक्रियाही. फरक बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी कळतो. बाळाच्या डोक्याकडे वरून पाहिले असता, टेकून चपट्या झालेल्या बाजूचा कान आणि कपाळ किंचित पुढे ढकललेले दिसते. सगळे डोके जणू कललेला चौकोन. शिवण जुळलेली असेल तर तो कान बहुधा मागे आणि खाली ओढलेला दिसतो, कानामागे उंचवटा येतो आणि शिवणीवर बोट फिरवले तर कडक कंगोरा लागतो. तुमच्या लेकीचे डोके जन्मावेळी गोल होते आणि नंतर चपटे झाले, ही बाब दिलासा देणारी आहे, कारण शिवणीचा दोष बहुधा जन्मापासूनच दिसतो. डॉक्टर घेर मोजून कार्डावरच्या आलेखात मांडतील. तो आलेख नेमाने चढत असेल तर उत्तमच. प्रत्येक चपट्या डोक्याचा सीटी स्कॅन करण्याची गरज नसते, आणि कोणी “सहज काढून घेऊ” म्हणाले तर “कशाची शंका आहे?” असे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पण टाळू फुगलेली दिसणे, वारंवार उलट्या, घेर एकदम वाढणे किंवा वाढ थांबणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका.

जाता जाता, ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का? आपल्याकडे पहिल्या वर्षी रोज 400 युनिट देण्याची शिफारस आहे. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तरी तान्ही बाळे घरातच असतात, आणि या जीवनसत्त्वाच्या अभावाने कवटीची हाडे मऊ राहून लवकर चपटी होतात.

आता हेल्मेटकडे येऊ. ते डोके दाबत नाही. उंच भागाला ते टेकते, चपट्या भागावर रिकामी जागा सोडते आणि वाढणारे डोके त्या जागेत भरत जाते. म्हणजे काम वाढ करते, हेल्मेट फक्त तिला वाट दाखवते. म्हणूनच वय महत्त्वाचे ठरते, आणि केंद्राने तुम्हाला वयाविषयी सांगितले ते सर्वस्वी खोटे नाही. पण सहा महिने पूर्ण झाल्यावर दार बंद होते, असेही नाही. हेल्मेट वर्षाच्या आतल्या बाळांना दिले जाते; जितके लवकर सुरू करावे तितका वेळ कमी लागतो, इतकेच. सहा आठवडे मानेवर आणि मांडणीवर काम करून मग ठरवले तर फार काही हातचे जात नाही. त्या सहा आठवड्यांत तिची बैठकही सुरू होण्याच्या जवळ येईल, आणि बाळ बसू लागले की डोके टेकण्याचे तास आपोआप घटतात.

हेल्मेट उपयोगी पडते का, याविषयी जाणकारांचे एकमत नाही. नेदरलँड्समध्ये 84 बाळांवर झालेला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत महत्त्वाचा मानला जातो. पाच-सहा महिन्यांच्या, मध्यम ते बऱ्यापैकी चपटे डोके असलेल्या बाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. अर्ध्यांना सहा महिने, दिवसाचे 23 तास हेल्मेट घातले, अर्ध्यांना काहीच केले नाही. दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरी झालेली मुले हेल्मेटच्या गटात 26 टक्के होती आणि दुसऱ्या गटात 23 टक्के. हेल्मेटच्या गटातल्या प्रत्येक पालकाने काही ना काही त्रास नोंदवला: त्वचा लाल होणे, घाम, वास, बाळाला कुशीत घेताना येणारा अडथळा. दुसरीकडे, अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनेने 2016 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात स्थिती बदलणे आणि फिजिओथेरपी आधी, आणि तरीही मध्यम किंवा तीव्र दोष उरला तर हेल्मेट, असा क्रम सांगितला आहे. नेदरलँड्सच्या प्रयोगात अतितीव्र दोषाची आणि मान आखडलेली बाळे घेतलेली नव्हती, त्यामुळे तो तुमच्या लेकीला जसाच्या तसा लागू करणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणखी एक बाजू लक्षात घ्या. दोन्ही गटांत चारपैकी सुमारे तीन मुलांच्या डोक्यात मोजपट्टीला सापडेल एवढा वाकडेपणा दोन वर्षांच्या वयातही शिल्लक होता, आणि तरी दोन्ही गटांतले पालक मुलांच्या डोक्याविषयी जवळजवळ सारखेच समाधानी होते. पूर्ण गोल डोके हे कोणत्याच वाटेने हमखास मिळत नाही. ‘मध्यम’ दोष हळूहळू नजरेत न भरण्याइतका होणे, हेच बहुतेकांच्या वाट्याला येते.

सोलापूरसाठी मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते, ती उन्हाची. हेल्मेट दिवसाचे 23 तास घालायचे असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, आणि त्या वेळी बाळाच्या डोक्यावर प्लास्टिक आणि फोमचे कवच असेल. घामोळ्यांमुळे ते वारंवार काढावे लागेल आणि जितके काढाल तितका त्याचा उपयोग कमी होईल. शिवाय दर दोन-तीन आठवड्यांनी ते घासून, जुळवून घ्यायला अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला जावे लागेल; तो खर्च आणि तुमच्या यजमानांचे बुडालेले दिवस केंद्राने सांगितलेल्या रकमेत धरलेले नसतील. मी सुचवलेले सहा आठवडे थांबले तर सुरुवात नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर येईल, ही अडचण मला दिसते आणि तिच्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तरीही कारण न तपासता आज पाटल्या मोडण्यापेक्षा मी ती अडचण पत्करेन.

सहा आठवड्यांनी पुन्हा माप घ्या, शक्यतो त्याच व्यक्तीकडून, त्याच पद्धतीने. केंद्राने तुम्हाला डोक्याच्या दोन तिरप्या मापांमधला फरक मिलिमीटरमध्ये सांगितला असेल. हलणाऱ्या बाळाच्या मोजमापात एखाद-दोन मिलिमीटरची चूक सहज होते, आणि सौम्य, मध्यम, तीव्र यांच्या सीमारेषा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या आखलेल्या असतात. त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नका. दोन मापांत आकडा कोणत्या दिशेने चालला आहे ते महत्त्वाचे. फरक कमी होत असेल किंवा निदान थांबला असेल, तर मी हेल्मेट घेणार नाही. मान मोकळी होऊनही फरक मोठाच राहिला, कान आणि कपाळ स्पष्टपणे पुढे आलेले दिसत असले आणि बालरोगतज्ज्ञही तसेच म्हणाले, तर हेल्मेटचा विचार करणे अगदी रास्त आहे. त्या वेळी माप घेणारा आणि हेल्मेट विकणारा एकच आहे का, किती भेटी लागतील, त्वचेला त्रास झाला तर काय, सुधारणा झाली नाही तर पैशाचे काय, हे लेखी विचारा. आणि तो निर्णय दिसण्यासाठी घेतलेला निर्णय आहे, हे स्वतःशी मान्य करून घ्या. दिसण्यासाठी खर्च करणे हा गुन्हा नाही. ज्या घराला परवडते त्या घराने जरूर करावा. पण मेंदूच्या भीतीने किंवा कर्ज काढून तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लग्नाविषयी तुम्ही लिहिले आहे, त्यावर थोडेच लिहिते. वीस-बावीस वर्षांनंतर येणाऱ्या कोणा अनोळखी पाहुण्याच्या नजरेने तुम्ही आज साडेपाच महिन्यांच्या मुलीकडे पाहत आहात. मुलगा असता तर त्याचे डोके उघडे राहिले असते, आणि तरी हा प्रश्न तुमच्या मनात याच शब्दांत आला असता का? ‘केसांनी झाकले जाईल’ हे तुमच्या यजमानांचे म्हणणे तुम्हाला बेफिकिरीचे वाटले, आणि मान न तपासता तसे म्हणणे बेफिकिरीचे आहेच. तरी आकारापुरते पाहिले तर ते फारसे चुकीचे नाही. दोघांनी मिळून हे सहा आठवडे वाटून घ्या. पालथे घालण्याचे काम बापालाही येते, आणि फरशीवर पालथे पडलेल्या बापाकडे बाळे जास्त वेळ टक लावून पाहतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

ज्यांची बाळे अजून महिना-दीड महिन्याची आहेत अशा वाचकांनी डोके चपटे होण्याची वाट पाहू नये. पहिल्या आठवड्यापासून रोज उशाची बाजू बदलावी, दोन्हीकडे पाजावे, नाळ पडल्यावर जागेपणी छातीवर पालथे घ्यावे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींना जाल तेव्हा “मान दोन्हीकडे सारखी वळते का, पाहता का?” एवढे एक वाक्य विचारावे. आखडलेली मान तिसऱ्या महिन्याच्या आत सापडली तर काम फार हलके होते.

तुम्ही मात्र याच आठवड्यात जा, आणि सासूबाईंना बरोबर न्या, म्हणजे उशीविषयी जे सांगायचे ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. जाताना बोरन्हाणाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, आणि त्याआधीचे दोन-चारही. त्या फोटोत मुकुट घसरलेला दिसतो तो चपट्या डोक्यामुळे की मान डाव्या खांद्याकडे कलल्यामुळे, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळेल.